इंग्रजी म्हण पाठ करण्याआधी ती उकलावी कशी

एका रकान्यात इंग्रजी म्हण आणि तिच्यासमोर मराठी म्हण, अशा याद्या पाठ करण्याची पद्धत आपल्याकडे शाळेपासून रूढ आहे. सांगलीत इंग्रजी शिकवताना सुरुवातीची काही वर्षे मीही तीच पद्धत वापरली. तिच्यातली उणीव मला एका आटपाडीच्या विद्यार्थ्याने दाखवून दिली. ‘सेव्ह फॉर अ रेनी डे’ म्हणजे पावसाळी दिवसासाठी शिल्लक टाका, अडचणीच्या वेळेची तजवीज करा, असे मी फळ्यावर लिहिले, तेव्हा तो उभा राहून म्हणाला, “सर, पाऊस पडला तर अडचण कशी? आमच्याकडे पडला नाही तर अडचण.”

त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. इंग्लंडमध्ये पाऊस वर्षभर येत-जात राहतो आणि शेतावरचे काम पावसाने थांबले की रोजंदारीवरच्या माणसाची मजुरी बुडत असे, म्हणून तिथे पावसाचा दिवस हा तंगीचा दिवस ठरला. जत, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी तालुक्यांत मात्र तोच दिवस सुखाचा असतो. ‘प्रत्येक काळ्या ढगाला रुपेरी किनार असते’ हे वाक्य आता मराठी वर्तमानपत्रांत सर्रास दिसते. त्यातली रुपेरी किनार जॉन मिल्टनच्या 1634 मधील ‘कोमस’ या नाट्यकाव्यातून आली आहे. त्या काव्यात ढगाचा काळोख आणि किनारीचा उजेड एकमेकांसमोर उभे आहेत, पण मृग कोरडा गेलेल्या गावात माणसे काळ्या ढगाकडेच आशेने पाहतात, तिथे किनार शोधायची वेळच येत नाही. म्हणून इंग्रजी म्हण हाती आली की तिच्यात कोणती वस्तू, कोणते काम आणि कोणते हवामान आहे, हे आधी डोळ्यांसमोर आणावे. मराठी प्रतिशब्दाचा विचार त्यानंतर करावा.

हे कसे करायचे, ते एका म्हणीवरून सविस्तर सांगतो. ‘डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ’, म्हणजे भेट मिळालेल्या घोड्याच्या तोंडात डोकावू नये. ही म्हण इंग्रजीत जॉन हेवूडच्या 1546 च्या संग्रहात आहे आणि तिचे लॅटिन रूप संत जेरोमच्या लेखनात, म्हणजे हजाराहून अधिक वर्षे आधी सापडते. नुसता अर्थ पाठ करणाऱ्याला तोंडात का डोकावायचे, हेच कळत नाही. त्याने खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात जाऊन उभे राहावे. खिलार खोंड घेणारा शेतकरी एका हाताने त्याचे नाक धरतो, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खालचा ओठ ओढतो आणि क्षणभर दात पाहून सोडून देतो. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खालच्या जबड्यात आठ असतात आणि दुधाचे दात पडून पक्के दात जोडीजोडीने येतात, त्यामुळे खोंड दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळला आहे, म्हणजे त्याचे आठही दात पक्के झाले आहेत, यावरून वय कळते आणि वयावरून किंमत ठरते. घोड्याचेही वय असेच दातांवरून ओळखतात. भेट मिळालेल्या जनावराचे दात पाहणे म्हणजे देणाऱ्यासमोरच त्याच्या भेटीची किंमत करणे, आणि त्यातला अपमान बाजार पाहिलेल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आपली ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ ही म्हण त्याच निरीक्षणातून आलेली आहे. असा नेमका जोड सापडला की इंग्रजी म्हण कायमची लक्षात राहते.

यानंतर म्हणीतील जुने शब्द तपासावेत. ‘द प्रूफ ऑफ द पुडिंग इज इन द ईटिंग’ या म्हणीत ‘प्रूफ’ म्हणजे पुरावा नव्हे, तर जुन्या अर्थाने कसोटी. पदार्थाची पारख खाल्ल्यावरच होते, इतकेच तिला म्हणायचे आहे. ‘चॅरिटी बिगिन्स ॲट होम’ हिच्याबाबतीत अधिक जपावे लागते. यादीत तिच्यासमोर बहुधा ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ लिहिलेले असते आणि ते मला पटत नाही. ‘चॅरिटी’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ प्रेम, जिव्हाळा असा आहे. जिव्हाळ्याची सुरुवात घरापासून होते, असे ती म्हण सांगते. घरापुरतेच पाहावे, असे ती सांगत नाही. आपली म्हण पोटाची निकड सांगते. विषय वेगळा, म्हणून जोडही वेगळा हवा.

सर्वाधिक चुका मात्र म्हणीच्या सुरात होतात. ‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’ या म्हणीसमोर ‘वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे’ लिहिले जाते, पण मराठीत हे कोणाबद्दल म्हटले तर ती त्याची नालस्ती होते, कारण तिच्यात संधिसाधूपणाचा ठपका आहे. इंग्रजी म्हणीत तो मुळीच नाही. गवत कापून काही दिवस उन्हात वाळवल्याशिवाय हिवाळ्याची वैरण होत नाही आणि ऊन बेभरवशाचे असते, म्हणून ऊन आहे तोवर कामाला लागा, असा तो कष्टकऱ्याचा सल्ला आहे. तासगाव भागातल्या बेदाणा उत्पादकाला तो लगेच कळतो. शेडमधल्या जाळ्यांवर द्राक्षे पसरली की सुमारे पंधरा दिवस त्याचे लक्ष आभाळाकडे असते, कारण अवकाळी पावसाने बेदाणा काळा पडला तर भाव निम्म्यावर येऊ शकतो. मुलांना हा अर्थ सांगताना मी हेच उदाहरण देतो, आणि मराठी म्हणीची जागा खुशाल रिकामी ठेवायला सांगतो.

काही जोड्या मात्र निर्धोक आहेत. ‘अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स’ आणि ‘नाचता येईना अंगण वाकडे’, किंवा ‘एम्प्टी व्हेसल्स मेक द मोस्ट नॉइज’ आणि ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’, यांत शंका घेण्यासारखे काही नाही.

बोलताना म्हण कशी वापरावी, याचीही एक रीत आहे. म्हणीतले शब्द बदलू नयेत, कारण नाद गेला की म्हण राहत नाही. ‘अ स्टिच इन टाइम सेव्ज नाइन’ यात टाके नऊच का, तर ‘टाइम’ आणि ‘नाइन’ एकमेकांना साद देतात म्हणून. अर्थासाठी आपल्या आजीची वाकळ आठवावी, जिची उसवलेली कड तिने त्याच दुपारी टाका घालून धरलेली असते. दुसरे म्हणजे ओळखीची म्हण पूर्ण बोलू नये. आपण नुसते ‘नाचता येईना…’ म्हणून थांबतो, तसे इंग्रज माणूस ‘व्हेन इन रोम…’ इतकेच म्हणतो. निबंधाची सुरुवात म्हणीने करण्याची सवयही सोडावी. प्रसंग आधी यावा आणि म्हण त्यात सहज यावी.

या सगळ्यासाठी एक वही करावी आणि एका म्हणीला एक अख्खे पान द्यावे. वर देवनागरीत म्हण, खाली तिच्यातली वस्तू आणि काम, मग जुने शब्द, मग ती कौतुकाने म्हणतात की टोचून, आणि शेवटी आपल्याकडचा प्रसंग. आठवड्याला दोन म्हणी पुरेत. ‘गुड फेन्सेस मेक गुड नेबर्स’ या म्हणीचा विचार फार जुना आहे. शेजाऱ्यावर प्रेम करा, पण कुंपण पाडू नका, अशा आशयाचे वचन जॉर्ज हर्बर्टच्या 1640 च्या संग्रहात आहे. माझ्या वहीत त्या पानावर मराठी म्हण लिहिलेली नाही. तिथे ‘बांध कोरणे’ एवढे दोनच शब्द आहेत, आणि ते वाचून वाळव्याच्या मुलालाही ती म्हण पूर्ण कळली.