यीस्टच्या औषधरोधाचा जनुकीय अहवाल कसा वाचावा

मिरजेच्या रुग्णालयांत सांगली जिल्ह्याबरोबरच सीमेपलीकडील कर्नाटकातूनही रुग्ण येतात आणि काहींनी तत्पूर्वीच फ्लुकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाच्या गोळ्या घेतलेल्या असतात. म्हणून रक्ताच्या कल्चरमध्ये कॅन्डिडा हे यीस्ट (एकपेशीय बुरशी) वाढल्यास आधी कोणते बुरशीविरोधी औषध किती दिवस दिले होते, हे अर्जावर प्रथम लिहून घ्यावे. या माहितीविना उत्परिवर्तनाचा, म्हणजे जनुकातील बदलाचा, अर्थ लावणे म्हणजे निम्मा अंदाजच.

त्यानंतर प्रजाती निश्चित करावी, शक्यतो माल्डी-टॉफ या प्रथिनांवरून सूक्ष्मजीव ओळखणाऱ्या यंत्रावर, कारण जुन्या जैवरासायनिक पद्धतींत कॅन्डिडा ऑरिसची ओळख हेम्युलोनी म्हणून चुकण्याचा धोका असतो. प्रजाती क्रुसेई निघाली, तर फ्लुकोनाझोलसाठी जनुके तपासण्याचे कारण उरत नाही. तिचा रोध उपजतच आहे. अल्बिकन्समध्ये फ्लुकोनाझोलची एमआयसी (वाढ रोखणारे औषधाचे किमान प्रमाण, मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये) २ किंवा कमी असल्यास ती संवेदनशील आणि ८ किंवा अधिक असल्यास रोधक मानतात. हे वाचन २४ तासांनी, वाढ निम्म्याने घटलेली दिसते त्या पातळीवर करावे. मागे रेंगाळणारी धूसर वाढ मोजली, तर संवेदनशील यीस्टही रोधक ठरते.

आता इआरजी-११ हे जनुक पाहावे. एर्गोस्टेरॉल तयार करणारे आणि अ‍ॅझोल औषधांचे (फ्लुकोनाझोल त्यांपैकीच) लक्ष्य असलेले विकर (एन्झाइम) हे जनुक घडवते. त्या विकराच्या अमिनो आम्लांच्या साखळीत १३२व्या जागी टायरोसिनऐवजी फेनिलअ‍ॅलॅनिन किंवा १४३व्या जागी लायसिनऐवजी आर्जिनिन आढळल्यास तो बदल गांभीर्याने घ्यावा. मात्र अल्बिकन्समधील डी११६ई (११६व्या जागी डी या अमिनो आम्लाऐवजी ई) आणि के१२८टी हे बदल संवेदनशील यीस्टमध्येही सर्रास दिसतात. केवळ बदल सापडला म्हणून रोधाचा शिक्का मारणे घाईचे आहे.

क्रमवाचनात, म्हणजे जनुकाची अक्षरे क्रमाने वाचण्यात, दोन सापळे आहेत. अल्बिकन्स, ऑरिस, ट्रॉपिकॅलिस व पॅराप्सिलोसिस या प्रजाती सीटीजी हा तीन अक्षरी संकेत ल्यूसिनऐवजी बहुतांशी सेरिन असा वाचतात, ग्लॅब्राटा मात्र तसे करत नाही. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये योग्य संकेततक्ता निवडावा लागतो. शिवाय अल्बिकन्समध्ये प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असल्याने आलेखावर एकाच जागी दोन शिखरे दिसली, तर त्यांना भेसळ समजून सोडून देऊ नये. एकच प्रत बदललेली असू शकते.

इआरजी-११ निर्दोष असूनही एमआयसी जास्त असेल, तर औषध पेशीबाहेर फेकणाऱ्या पंपांकडे वळावे. अल्बिकन्समध्ये टीएसी-१ किंवा एमआरआर-१ या नियंत्रक जनुकांतील बदल हे पंप कायम चालू ठेवतात, ग्लॅब्राटामध्ये तेच काम पीडीआर-१मधील बदल करतो. अल्बिकन्सच्या पाचव्या गुणसूत्राची डावी भुजा दुप्पट झाली, तरी इआरजी-११ आणि टीएसी-१ या दोन्हींच्या प्रती वाढतात, आणि एका जनुकाचे क्रमवाचन ही वाढ दाखवत नाही.

कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन या दुसऱ्या गटातील बुरशीविरोधी औषधांसाठी, त्यांचे लक्ष्य घडवणाऱ्या एफकेएस जनुकांतील ठरावीक पट्टेच तपासावेत. अल्बिकन्सच्या एफकेएस-१मधील एस६४५पी आणि ग्लॅब्राटाच्या एफकेएस-२मधील एस६६३पी हे बदल ठळक रोध निर्माण करतात. याउलट पॅराप्सिलोसिसमधील पी६६०ए हा त्या प्रजातीचा नैसर्गिक गुण आहे. त्यामुळे तिची एमआयसी मुळातच थोडी वर असते, म्हणून अहवालात तो नवे उत्परिवर्तन म्हणून नोंदवू नये. एस६६३पीसारखा बदल सापडला आणि एमआयसी सीमारेषेवर असली, तर छापील अहवालाची वाट न पाहता उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दूरध्वनीवरून कळवावे.