रॅम वाढवताना: घेण्याआधी काय बघायचं, बसवताना काय चुकतं

कॉम्प्युटर रखडतो म्हणून लगेच रॅम घेऊ नका. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, नेहमीची कामं चालू ठेवा आणि ‘परफॉर्मन्स’मध्ये बघा. मेमरी सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम खरंच कमी पडतेय. मेमरी निम्मी मोकळी, पण डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली आणि आत जुनी हार्ड डिस्क असेल, तर पैसे एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्कवर, घाला.

रॅमची पट्टी बसवायच्या जागा, म्हणजे स्लॉट, किती भरलेत, हेही तिथेच दिसतं. रॅम कोणत्या पिढीची, डीडीआर३, ४ की ५, हे मात्र मदरबोर्डच्या (आतल्या मुख्य बोर्डच्या) मॉडेलवरून पक्कं करा. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींच्या डेस्कटॉप पट्टीला २८८ पिना असतात, तरी एकीच्या जागी दुसरी चालत नाही. खाच वेगळ्या जागी असते. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, आणि काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, तिथे विषयच संपला.

१६ जीबी हवी असेल तर एका पट्टीपेक्षा ८-८ च्या दोन घ्या. ड्युअल चॅनेल मिळतं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरल्या जातात, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर गेममध्ये फरक चांगलाच दिसतो. वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर सगळ्या सर्वांत हळू पट्टीच्या वेगाने चालतात.

बसवण्याआधी शटडाउन करून वायर काढा आणि पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला करंट निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, मगच पट्टी कडेने धरा. चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. मॅन्युअलमध्ये ए२, बी२ असं लिहिलेलं असतं. खाच जुळवा आणि दोन्ही टोकं खटका लागेपर्यंत दाबा. जोर अपेक्षेपेक्षा जास्त लागतो. नवखे इथेच बिचकतात आणि पट्टी अर्धवट बसते. पण खाच जुळलेली नसताना जोर लावाल तर स्लॉट मोडेल.

चालू केल्यावर स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नका. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं थांबा, बोर्ड मेमरीची जुळवणी करत असतो. तरी काही नाही? वीज बंद करून पट्ट्या काढून परत बसवा, मग एकेक पट्टी लावून बघा. जुन्या पट्टीच्या सोनेरी टोकांवर खोडरबर हलकेच फिरवून भुगा झटकला, तर बऱ्याचदा काम होतं.

३२०० वेगाची पट्टी २१३३ किंवा २६६६ दाखवत असेल तर ती खराब नाही. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे पट्टीला तिचा पूर्ण वेग देणारा पर्याय, सुरू करा. तो पर्यायच नसेल, तर बहुधा तुमचा बोर्ड किंवा प्रोसेसर तेवढाच वेग देतो.