रोज जवळ ठेवायला छोटा घडीचा करंबिट कसा निवडावा

करंबिट म्हणजे वाघनखासारखं आत वळलेलं पातं आणि मुठीच्या टोकाला बोट घालायचं कडं. हा चाकू इंडोनेशिया-मलेशियाकडचा. पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाउ लोकांशी त्याचं नातं सांगतात. शेतीच्या कामातलं अवजार पुढे सिलाट या युद्धकलेत शिरलं, अशी त्याची सर्वसाधारण कथा. घडीचा करंबिट मात्र अलीकडचा आहे. अमेरिकेत इमर्सन आणि स्पायडर्को, इटलीत मानिआगोची फॉक्स अशा कंपन्यांनी तो खिशात मावेल इतका छोटा केला. आपल्याकडच्या तरुण मुलांना तो बहुतेक वेळा काउंटर-स्ट्राइक या गेममधून माहीत झालेला असतो, आणि इंद्रधनुष्यी रंगाचे स्वस्त चाकू विकले जातात तेही त्याच ओढीवर.

मला हा चाकू मनापासून आवडतो. म्हणूनच घेण्याआधी त्याची जात ओळखा, असा माझा आग्रह आहे. करंबिट हे ओढून कापायचं हत्यार आहे, आपल्या विळ्याच्या कुळातलं. आपल्या दिवसात ओढून कापायची कामं किती, यावर तो घ्यायचा की नाही हे ठरतं. बाकीचं सगळं त्यानंतर.

पायरी १: आधी काम ठरवा

गेल्या आठवड्यात चाकू कशाकशाला लागला ते आठवा. पार्सलची प्लास्टिक पट्टी, सुतळी, नायलॉनची दोरी, केबल टाय, पोत्याची शिवण, ठिबकची जुनी नळी, ताडपत्रीचा तुकडा असं काही असेल, तर करंबिट तुमच्या उपयोगाचा आहे. दोरी वळणात अडकते, निसटत नाही, आणि मनगट मागे घेतलं की कापली जाते. सरळ पात्यावरून दोरी पुढे घसरते. ती इथे आतच राहते.

पण तुम्ही डब्यातलं सफरचंद चिरणार असाल, पेन्सिल तासणार असाल, फळीवर ठेवून काही कापणार असाल, तर सरळ पात्याचा साधा घडीचा चाकू घ्या. सपाट जागेवर करंबिटचं फक्त टोक टेकतं. पुठ्ठ्याच्या खोक्यावर आणखी एक धोका असतो: टोक खोल शिरतं आणि आतली वस्तू चिरते. नव्या शर्टाच्या पार्सलवर पहिला प्रयोग अजिबात नको.

आणि स्वसंरक्षणासाठी घ्यायचा विचार असेल, तर तो सोडून द्या. झटापटीत चाकू काढला की प्रसंग जिवावर बेततो, समोरच्याच्या किंवा आपल्याही. शिवाय कायद्याच्या नजरेत 'अवजार' आणि 'शस्त्र' यांतला फरक बराचसा तुमच्या हेतूवर ठरतो. ज्याला स्वतःला वाचवायचं आहे त्याने पळायचं, ओरडायचं, ११२ लावायचा.

पायरी २: पैसे देण्यापूर्वी कायदा पाहा

भारतात शस्त्र कायदा १९५९ चा आणि सध्याचे शस्त्र नियम २०१६ चे. त्यांत धारदार शस्त्रांच्या वर्गात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. छोट्या करंबिटचं पातं अडीच इंचांच्या आसपास असतं, म्हणजे या मापाच्या पुष्कळ आत.

पण तेवढ्याने खिशात घालून कुठेही फिरायची मोकळीक मिळत नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ठरावीक काळासाठी मनाई आदेश काढतात. त्यात चाकू, लाठ्या, काठ्या जवळ बाळगायला बंदी असते आणि तिथे पात्याची लांबी कोणी मोजत बसत नाही. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या सुमारास असे आदेश निघतच असतात. आपल्या शहरात सध्या आदेश लागू आहे का, हे पोलिसांच्या सूचनांमध्ये पाहायची सवय लावा. पुण्यात कोयता गँगच्या बातम्यांनंतर वाकड्या पात्याकडे संशयाने पाहिलं जातं, हेही ध्यानात ठेवा. तपासणीत करंबिट सापडला तर तो पाना-पक्कडीसारखा दिसत नाही. म्हणून तो कामाच्या पिशवीत, कामाच्या इतर सामानासोबत, कामाच्या दिवशी असावा. कोर्ट, मंत्रालय, मॉल, मेट्रो, सभा, मिरवणूक अशा ठिकाणी तो घरीच राहू द्या. विमानात हातातल्या बॅगेत तो चालतच नाही.

परदेशातल्या मराठी माणसांनी तिथले नियम वेगळे पाहावेत. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय जवळ ठेवता येतो तो फक्त ३ इंचांपर्यंत धार असलेला, लॉक (उघडं पातं जागी अडकवणारा खटका) नसलेला घडीचा चाकू. घडीच्या करंबिटला जवळपास नेहमी लॉक असतो, म्हणजे तो त्यात बसत नाही. जर्मनीत एका हाताने उघडणारे, लॉक होणारे चाकू सार्वजनिक जागी बाळगण्यावर बंधन आहे.

पायरी ३: कडं आणि मूठ हातात घेऊन पाहा

फोटोवरून कडं कधी निवडू नये. कड्यात बोट सहज आत-बाहेर झालं पाहिजे, पण ते डुगडुगताही कामा नये. उन्हाळ्यात, चालून आल्यावर बोटं थोडी सुजतात. सकाळी एसी दुकानात नेमकं बसलेलं कडं दुपारी शेतावर आवळतं. हातमोजे घालून काम करत असाल, तर हातमोज्यासकट बोट घालून पाहा. कड्याची आतली कड गोल घासलेली हवी. स्वस्त मालात ती धारदार राहते आणि चार दोऱ्या ओढल्या की बोटाच्या मुळाशी कातडी सोलते.

धरायच्या दोन पद्धती आहेत. तर्जनी कड्यात आणि पातं करंगळीच्या बाजूला, ही सिलाटवाली पद्धत चित्रांत दिसते. रोजच्या कामाला करंगळी कड्यात आणि अंगठा पात्याच्या पाठीवर, ही पकड बरी. अंगठ्याने टोक किती खोल जातंय ते आवरता येतं. दुकानात याच पकडीने धरून चारही बोटं मुठीवर बसतात का ते पाहा. 'कॉम्पॅक्ट' म्हणून विकले जाणारे काही चाकू इतके आखूड असतात की मधली दोन बोटं एकमेकांवर चढतात.

कड्याचा एक धोका गंभीर आहे. अडकलेलं पातं जोराने हिसकलं, किंवा दोरीचं दुसरं टोक चालत्या गाडीला, मशीनला, जनावराला बांधलेलं असलं, तर सगळा झटका त्या एका बोटावर येतो. अंगठी अडकून बोटाची कातडी सोलवटली जाते, तसलीच ही इजा. हलत्या वस्तूला लावलेली दोरी कापायची असेल, तर बोट कड्याबाहेर काढा.

पायरी ४: उघडायची रीत निवडा

काही करंबिटच्या पात्याच्या पाठीवर एक छोटा आकडा असतो. चाकू खिशातून ओढला की आकडा खिशाच्या काठात अडकतो आणि पातं बाहेर येतानाच उघडतं. ही रचना इमर्सनने रूढ केली. ती हुशारीची आहे, यात शंका नाही. पण रोज जवळ ठेवायला मी ती कोणालाच सुचवणार नाही. विरार लोकलच्या दारात उभं असताना चाकू खिशातून सरकला, तर उघडं पातं कोणाच्या मांडीजवळ असेल याचा विचार करा. शिवाय तो आकडा पँटचा खिसा उसवतो तो वेगळाच.

पात्यावरची चकती किंवा खुंटी अंगठ्याने ढकलून उघडणारा चाकू घ्या. तो तुम्ही ठरवाल तेव्हाच उघडतो. बटण दाबताच स्प्रिंगने उघडणारे चाकू टाळा. दिल्लीत तर १९८० पासून ठरावीक मापापुढच्या बटणदार आणि गरारीदार (दातेरी खटक्याच्या) चाकूंवर निर्बंध आहेत.

पायरी ५: लॉक आणि बंद टोक तपासा

हीच तपासणी सर्वांत महत्त्वाची. घाई करू नका.

चाकू पूर्ण उघडा. लायनर लॉक असेल, तर मुठीच्या आतली पट्टी सरकून पात्याच्या बुडाखाली बसलेली दिसेल. बुडाच्या रुंदीच्या पाव ते अर्ध्या भागापर्यंत ती आत गेलेली असावी. नुसती काठावर टेकली असेल तर चाकू परत द्या. आता पातं कापडात धरून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. बाजूची किंचित हालचाल स्क्रू आवळून जाते. वर-खाली हालचाल असेल, तर लॉकच नीट बसत नाही आणि तो दोष घरी दुरुस्त होत नाही. टेबलावर पात्याची पाठ आपटून लॉकची परीक्षा घेतात ती चुकीची. त्याने चांगला लॉकही खराब होतो. पाठीवर हाताने सावकाश दाब द्या, तेवढं पुरे.

पिळून धरायच्या कामात हाताचं मांस लायनरला ढकलू शकतं, म्हणून मुठीच्या पाठीवर खटका असलेला बॅक लॉक मला जास्त पटतो. स्पायडर्कोच्या काराहॉक या करंबिटला तो होता.

आता चाकू बंद करा. वाकड्या पात्याचं टोक मुठीच्या फटीत पूर्ण बुडालेलं हवं. नुसत्या डोळ्यांनी ते नीट कळत नाही. कापसाचा बोळा फटीवरून दोन्ही दिशांनी हलकेच फिरवा. एक तंतू जरी अडकला, तरी टोक वर आहे असं समजा. तोच चाकू उद्या खिशात हात घातल्यावर तुमच्या बोटाला लागणार. मग बंद चाकू कड्याला धरून खाली झटका. पातं जागचं हललं नाही पाहिजे.

पायरी ६: पोलाद, धार आणि धार लावायचं साधन

पोलादाच्या नावांत फार अडकू नका. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या पावसाळ्यात राहत असाल तर डी२ नावाचं पोलाद टाळा. धार उत्तम टिकते, पण ते पूर्ण स्टेनलेस नाही आणि घामाच्या खिशात त्यावर ठिपके येतात. व्हीजी-१०, एन६९० किंवा १४सी२८एन घेतलं तर गंजाची चिंता कमी. ८सीआर१३एमओव्ही स्वस्त असतं, धार लवकर जाते पण लवकर लागतेही. नुसतं 'सर्जिकल स्टील' एवढंच लिहिलेला चाकू घेऊ नका. मूठ जी-१० ची (काचतंतू आणि रेझिन दाबून केलेली) असेल तर ओल्या हातातही घसरत नाही.

दातेरी पातं दोरीवर छान चालतं, पण घरी धार लावायला ते त्रासाचं. साधी धारच घ्या.

आत वळलेल्या धारेला सपाट दगड पोचत नाही. बारीक सिरॅमिकची गोल कांडी मिळाली तर उत्तम. नाहीतर जाड गोल पेन्सिलीवर १००० नंबरचा पाणकागद घट्ट गुंडाळा. पातं स्थिर धरा, कांडी पात्याला साधारण २० अंशांत टेकवा आणि मुठीपासून टोकाकडे वळणाच्या अंगाने एकाच ओघात न्या, धारेच्या पुढे ढकलत नव्हे तर मागे ओढत. दोन्ही बाजूंना सारखे हात. शेवटी जुन्या पट्ट्याचं चामडं त्याच पेन्सिलीवर गुंडाळून हलकेच फिरवा. दारावर सायकलचं चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे विळी, कात्री जरूर द्या, करंबिट नको. सपाट चाकावर वळणाचा आकार जातो आणि पातळ टोक तापून मऊ पडतं.

पायरी ७: पहिले काही दिवस

नव्या चाकूचा मधला स्क्रू वापरात सैल होतो. आठवड्याने पाहा, गरज असेल तर आवळा, आणि पातं अडखळत असेल तर पाव फेरी सोडा. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो. जास्त घातलं की खिशातला कचरा चिकटतो.

बंद करताना बोट आधी कड्याबाहेर काढा, बोटं फटीपासून दूर ठेवा आणि दोन्ही हातांनी सावकाश घडी करा. घडी होताना वाकडं टोकच सर्वांत आधी मुठीकडे येतं, म्हणून कापलेली बोटं बहुधा उघडताना नाही, बंद करताना दिसतात. कड्यात बोट घालून गरगर फिरवायची हौस असेल, तर त्यासाठी बिनधारेचा सरावाचा करंबिट मिळतो, तो वेगळा घ्या. धारेचा चाकू मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी, बंद आणि कोरडा करून ठेवा. पावसात भिजला असेल तर उघडून पुसा, फट फुंकरीने वाळवा आणि मगच घडी करा.