तळ्यात धबधबा करताय? पंप घेताना हे बघा

खारघरला किंवा घोडबंदर साइडला रो हाऊसच्या मागे तळं करून त्यात छोटा धबधबा सोडणार असाल तर पंप घेताना बॉक्सवरचा लिटरचा आकडा धरून चालू नका, तो शून्य उंचीचा असतो. पाणी जेवढं वर चढवाल तेवढा फ्लो कमी होतो, म्हणून हेडचा चार्ट (किती उंचीला किती पाणी मिळतं त्याचा तक्ता) मागाच. धबधब्याच्या रुंदीच्या दर सेंटीमीटरला ताशी साधारण 150 लिटर धरा, म्हणजे 30 सेंटीमीटरला 4500, आणि हे वर पोचलेलं पाणी बरं का. धबधब्याखालचा लायनर (पाणी अडवणारी शीट) अखंड तळ्यात उतरवा, कडा वर उचलून ठेवा, नाहीतर पाणी दगडांमागून मातीत जातं. पंपाच्या लाइनला 30 मिलीअँपचा आरसीसीबी (करंट लीक झाला की वीज तोडणारा स्विच) हवाच हवा, आणि पावसाळ्यासाठी ओव्हरफ्लो पाइप.