जखमेतच ऊती छापायची तर: जेलच्या शाईचा सराव

शरीरात थेट छपाई म्हणजे जेलची शाई सुईतून थराथराने जखमेत सोडून तिथेच ऊती घडवणं. तेव्हा शाईखालचं ताट म्हणजे शरीरच: ३७ अंश गरम, ओलं आणि वाकडंतिकडं. काचेवर सुबक बसलेली शाई तिथे ओघळते. म्हणून बेळगाव-खानापूरकडच्या कॉलेजांत सराव काचेवर नको, कोंबडीच्या मांडीवर करा. शाईत पेशी घालू नका. जिवंत प्राण्यावर किंवा माणसावर हे अजिबात करायचं नाही.

५० मिली शाईला ०.९ टक्के मिठाचं पाणी, ३ ग्रॅम जिलेटिन, १.५ ग्रॅम सोडियम अल्जिनेट (समुद्री शेवाळातून मिळणारी, कॅल्शियमने घट्ट होणारी पूड). मिठाच्या पाण्याऐवजी फॉस्फेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं फॉस्फेटचं द्रावण) नको, कॅल्शियमशी त्याचा पांढरा साका होतो. जिलेटिन ५० अंशांवर विरघळवा, मग ढवळत ढवळत अल्जिनेट चिमटीचिमटीने भुरभुरा. एकदम ओतलं तर बाहेरून चिकट, आत कोरड्या गुठळ्या होतात आणि सुई तुंबते. दोन तास ढवळा. बुडबुडे सेंट्रिफ्यूजमध्ये काढा.

घट्ट करायला १०० मिली पाण्यात १.४७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. खानापूरच्या झडीत ही पूड हवेतलं पाणी ओढते. तुम्ही पाणीच तोलता आणि जेल मऊ राहतं. बाटली सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा.

मांडीत १ सेंमी रुंद, ४ मिमी खोल खळगा करून गॉजने टिपा. ओल राहिली तर पहिला थर घसरतो. २२ गेजची बोथट सुई घ्या, आतला व्यास सुमारे ०.४ मिमी, टोक खळग्याच्या तळापासून किंवा आधीच्या थरापासून तेवढंच वर धरा. शाई २५ अंशांच्या आसपास हवी. डिसेंबरच्या सकाळी इथे ती सुईतच थिजते. जोराने दाबू नका, गोळा सुटून खळगा भरून वाहतो; पुढे पेशी असतील तर त्या याच ताणाने मरतात. सिरिंजला कोमट पाण्याची पिशवी गुंडाळा.

खरी कसोटी कॅल्शियमची. प्रत्येक थरावर कॅल्शियमच्या पाण्याचा अगदी हलका फवारा द्या. जास्त झाला की वर साय धरते आणि पुढचा थर चिकटत नाही. शेवटी त्याच पाण्यात पाच मिनिटं भिजवा. मग मांडी ३७ अंशांच्या मिठाच्या पाण्यात तासभर ठेवा: जिलेटिन वितळेल, आकार अल्जिनेटनेच धरायचा. कडा सुटल्या तर खळगा ओला होता. मधोमध खचलं तर कॅल्शियम आत पोचलं नाही.

खोल अवयवात फवारा पोचतच नाही. अमेरिकेतल्या कॅल्टेक या संशोधन विद्यापीठाच्या गटाने २०२५ मध्ये त्यावर अल्ट्रासाउंडचा उपाय दाखवला: घट्ट करणारं द्रव्य सूक्ष्म मेदपुटकांत (चरबीच्या बारीक पिशव्यांत) बंद, आणि लहरींनी जागा शरीरापेक्षा काही अंश तापली की ते सुटतं, जेल तिथेच धरतं.