थ्रेड ते थ्रेड निरोप मंदावतोय? या चुका टाळा

एक थ्रेड (प्रोग्राममध्ये बाकीच्यांसोबत समांतर चालणारं काम) दुसऱ्याला निरोप देतो तो क्यूतून, म्हणजे रांगेतून. त्या क्यूत काही आलंय का हे बघायला व्हाइल लूप फिरवायचा आणि मध्ये 10 मिलिसेकंदांचा स्लीप टाकायचा. नव्या पोरांच्या कोडमध्ये हे हमखास सापडतं. विचारलं की ठरलेलं उत्तर, "चालतंय की सर!" चालतंय, पण प्रत्येक इव्हेंट सरासरी 5 मिलिसेकंद उगाच ताटकळतो आणि काहीच आलं नाही तरी थ्रेड सेकंदाला 100 च्या आसपास वेळा उठतो. मग स्लीप 1 वर आणतात, नंतर काढूनच टाकतात, आणि सीपीयू तापला की मालकाला नवं मशीन घ्यायला सांगतात. अरे, ब्लॉकिंग क्यूचं टेक हे फंक्शन वापरा! माल येईपर्यंत थ्रेड पडून राहतो, आला की जागा होतो.

दुसरी चूक मला जास्त छळते: मर्यादा न घातलेली क्यू. जावात लिंक्डब्लॉकिंगक्यूला क्षमता दिली नाही तर ती 2147483647 धरली जाते, म्हणजे मेमरी संपेपर्यंत तक्रार नाही. लातूरकडच्या एका डाळमिलमध्ये भुईकाट्याचं सॉफ्टवेअर असंच होतं. सकाळी ठणठणीत, दुपारी स्क्रीन मागं. मुनीमजी वैतागलेले, "साहेब, गाडी उतरून गेली तरी आकडा पळायलाय." बंद करून चालू केलं की ठीक, म्हणून जेवणाच्या सुट्टीत रीस्टार्ट हा नेमच पडलेला. (रीस्टार्टनं बरा होणारा आजार दिसला की मी आधी क्यूची लांबी बघतो.) तिथल्या पोरांनी डेटाबेसकडचे थ्रेड वाढवून पाहिले, तर वजनं मागंपुढं व्हायला लागली.

लांबी लॉगमध्ये छापली, तर आकडा नुसता चढत होता. काटा रिकामा असला तरी इंडिकेटर (काट्याचं वजन दाखवणारं यंत्र) रीडिंग पाठवतच राहतो, आणि हे लोक प्रत्येक रीडिंग क्यूत टाकून डेटाबेसला लिहीत होते. स्क्रीनला फक्त ताजं वजन लागतं. त्यासाठी एक ॲटॉमिकरेफरन्स (अनेक थ्रेडना सुरक्षितपणे वापरता येणारा, एकच मूल्य ठेवणारा कप्पा) पुरला, जुन्यावर नवं. स्थिर झालेलं वजन तेवढं क्यूत, मर्यादा 100, आणि लिहिताना ड्रेनटू या फंक्शननं साचलेलं सगळं एकदम. क्षमतेचा आकडा नसलेली क्यू रिव्ह्यूला आली की मी पुढचं वाचतच नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. वेट (इशारा येईपर्यंत थ्रेडला थांबवणारं फंक्शन) वापरताना त्याभोवती अट तपासायला इफ नको, व्हाइलच. थ्रेड विनाकारणही जागा होऊ शकतो. सगळे एकाच गोष्टीची वाट बघत असतील आणि काम एकालाच असेल तर नोटिफायऑल (थांबलेल्या सगळ्यांना उठवणारं फंक्शन) नको, सगळे उठून एकाच लॉकवर (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपावर) आदळतात. लॉक धरून फाइल लिहू नका. दोन थ्रेडचे काउंटर एकाच कॅश लाइनमध्ये (सीपीयू मेमरी एका वेळी उचलतो तो तुकडा, बहुतेक ठिकाणी 64 बाइटचा) पडले तरी वेग जातो, पण हे मोजून दिसल्याशिवाय त्याच्या नादी लागू नका.

आणि कुठूनतरी लॉक-फ्री (लॉक न वापरणारी) क्यू उतरवून आणणाऱ्यांनी आधी पलीकडच्या टोकाला काय चाललंय ते बघावं. तिथं एकेक ओळ डेटाबेसला जात असेल तर इकडचे नॅनोसेकंद वाचवून कुणाची गाडी लवकर सुटणार?