लांबच्या बाईक प्रवासाचं सामान: काय घ्यायचं, कुठे ठेवायचं, कसं बांधायचं

चारचाकीची डिकी भरली, झाकण लावलं की विषय संपतो. दुचाकीवर सामानही वळणावर गाडीसोबत कलतं, ब्रेक दाबला की पुढे रेटतं आणि खड्ड्यात गाडीबरोबर उसळतं. म्हणून काय न्यायचं याची यादी करण्याआधी आपली गाडी किती पेलते हे बघावं लागतं. बरेच जण उलट्या क्रमाने जातात. आधी बॅगा विकत घेतात, मग त्या भरतात आणि मागचा शॉकअप पुरता बसलेला असताना निघतात. पुढचं चाक हलकं झालेली गाडी वळणावर रुंद जाते आणि वाऱ्यात डुलते. दिवसभर तिला सांभाळण्यातच हात दुखून येतात, आणि दोष मात्र गाडीला किंवा रस्त्याला दिला जातो.

पहिली पायरी: वजनाचा हिशेब

गाडीच्या मॅन्युअलमध्ये दोन आकडे शोधा. एक कर्ब वेट, म्हणजे पेट्रोल-ऑइलसकट गाडीचं स्वतःचं वजन. दुसरा, माणसं आणि सामान धरून गाडीचं जास्तीत जास्त किती वजन चालेल तो. दोन्हींची वजाबाकी केली की तुमच्या वाट्याला काय येतं ते कळतं. एक उदाहरण घेऊ. कर्ब वेट १९० किलो आणि कमाल मर्यादा ३७० किलो असेल, तर हातात १८० किलो आहेत. चालवणारा ७५ किलोचा आणि मागे बसणारी व्यक्ती ६५ किलोची धरली, तर १४० तिथेच गेले. दोघांची हेल्मेट, जॅकेट, बूट, गुडघ्यांचे गार्ड मिळून १५ किलो सहज होतात. उरले २५. आता पेट्या अडकवायचा लोखंडी स्टँड आणि दोन अॅल्युमिनिअमच्या पेट्या लावल्या, तर त्या रिकाम्याच १५ ते २० किलो भरतात. म्हणजे एकही शर्ट न भरता बहुतेक सगळी मर्यादा संपली. एकट्याने जाणाऱ्याला बरीच मोकळीक मिळते, पण दोघांनी जायचं असेल तर हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

काही ठिकाणी कर्ब वेटऐवजी ड्राय वेट छापलेलं असतं. त्यात पेट्रोल धरलेलं नसतं. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं, त्यामुळे १५ लिटरची टाकी म्हणजे आणखी ११ किलो. शिवाय कॅरिअरची आणि टॉप बॉक्सची, म्हणजे कॅरिअरवर बसवायच्या पेटीची, मर्यादा वेगळी असते. टॉप बॉक्ससाठी ती बऱ्याचदा ५ ते १० किलोच असते आणि आतल्या स्टिकरवर किंवा माहितीपत्रकात लिहिलेली असते. बॉक्समध्ये जागा आहे म्हणून तो भरायचा नसतो.

दुसरी पायरी: पेट्या की मऊ बॅगा

कडक पेट्यांना कुलूप लागतं, त्यांत पाणी शिरत नाही आणि गाडी सोडून थोडं इकडेतिकडे फिरता येतं. १९८२ मध्ये लंडनहून जगप्रवासाला निघालेल्या एल्स्पेथ बिअर्ड यांनी बीएमडब्ल्यू आर ६०/६ या आपल्या गाडीसाठी वाटेत सिडनीत कामाला थांबल्या असताना अॅल्युमिनिअमच्या पत्र्याच्या पेट्या स्वतःच्या हाताने बनवल्या. तेव्हा अशा पेट्या सहज मिळत नव्हत्या. आता मिळतात, म्हणून प्रत्येकाला त्या लागतातच असं नाही. महिनोन्महिने बाहेर राहणाऱ्याला आणि गाडी रात्री रस्त्यावर उभी करणाऱ्याला पेट्यांचा खरा उपयोग आहे.

आठ-दहा दिवसांच्या प्रवासाला मी मऊ बॅगाच सुचवेन. त्या हलक्या असतात, स्टँड साधा किंवा अजिबात नसला तरी चालतो आणि गाडी आडवी झाली तर पिचकत नाहीत. कच्च्या रस्त्यावर पाय टेकवत जाताना मागून येणारी कडक पेटी पोटरीवर आदळू शकते, पायही खाली सापडू शकतो. मऊ बॅगेने तो धोका बराच कमी होतो. तिची मोठी अडचण सायलेन्सर. बॅग आणि सायलेन्सर यांच्यात मोकळी जागा हवी किंवा मधे उष्णतेची ढाल हवी. रिकामी बॅग लावून बघितलेली जागा फसवी असते. भरलेली बॅग फुगते, लोंबते आणि गाडी खड्ड्यात बसली की आणखी खाली येते.

पाठीवरची सॅक शक्यतो टाळा. तिचं वजन सगळ्यात उंचावर असतं, दिवसभरात ती खांद्यांना आणि मानेला छळते, आणि पडल्यावर तिच्यातली कडक वस्तू थेट मणक्याखाली येते. पाण्याची पिशवी असलेली चपटी सॅक ठीक, पण त्यात लॅपटॉप, कुलूप, नट सोडवायचे पाने असं काही नको.

तिसरी पायरी: जमिनीवर मांडा

न्यायचं वाटतं ते सगळं जमिनीवर पसरा, बॅगेत काहीच टाकू नका. मग एकेका वस्तूला विचारा की ही नसली तर प्रवास थांबेल, त्रास होईल, की नुसतं चुकल्यासारखं वाटेल. तिसऱ्या गटातलं बहुतेक घरी ठेवा.

कपड्यांचा हिशेब दिवसांवर नसतो. पाच दिवस असोत की पन्नास, एक जोड अंगावर, एक धुऊन वाळत आणि एक कोरडा, एवढ्यात भागतं. आतले कपडे सुती नकोत. सुती कापड घाम धरून ठेवतं, उशिरा वाळतं आणि वाऱ्यात अंग गार पाडतं. मेरिनो लोकर किंवा खेळाडू घालतात तसं सिंथेटिक कापड बरं. थंडीसाठी एक जाड जॅकेट नेण्यापेक्षा दोन पातळ थर न्या, कारण सकाळ, दुपार आणि घाटमाथा यांत तापमान खूप बदलतं. एक थर उतरवून ठेवता आला की काम झालं.

रोजची औषधं दोन ठिकाणी विभागून ठेवा. परवाना, गाडीची कागदपत्रं, पैसे आणि फोन बॅगेत नकोत, अंगावरच्या खिशात हवेत. गाडीपासून तुमची ताटातूट झाली तरी ते तुमच्यासोबत राहिलं पाहिजे. रक्तगट, अॅलर्जी आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी जॅकेटच्या खिशात असू द्या.

हत्यारांच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. तयार किट उचलून आणू नका. घरी निवांत वेळ काढा आणि जी हत्यारं नेणार आहात फक्त तीच वापरून मागचं चाक काढून परत बसवा, चेन ताणा, बॅटरीची टर्मिनलं सोडवून घट्ट करा, क्लचची केबल सैल करून बघा. जे लागलं ते न्या, ज्याला हात लागला नाही ते काढून ठेवा. एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या, नटाचा मोठा पाना गाडीच्या सोबतच्या किटमध्ये नाही, हे अंगणात कळलेलं बरं. ट्यूब असलेल्या टायरला सुटी ट्यूब, दोन-तीन टायर लिव्हर आणि पॅच लागतात. ट्यूबलेसला पंक्चरच्या वाती, त्या घुसवायचे दोन टोचे आणि हवा भरायचा पंप. याशिवाय फ्यूज, थोडी तार, इन्सुलेशन टेप, प्लॅस्टिकचे झिप टाय, इपॉक्सी पुट्टी, चेनचा स्प्रे आणि एक हेडटॉर्च. क्लचची नवी केबल जुन्या केबलच्या शेजारून आधीच ओढून टेपने बांधून ठेवता येते. तुटली तर दोन्ही टोकं बदलायची, एवढंच काम उरतं.

जास्तीचं पेट्रोल गाडीच्या रेंजमध्ये पंप मिळत असेल तर नेऊच नका. न्यायचंच असेल तर त्यासाठीच बनवलेल्या कॅनमध्ये, वर थोडी जागा सोडून, सायलेन्सरपासून लांब.

चौथी पायरी: कुठे काय

नियम एकच: जड ते खाली आणि मधे. गाडीच्या मधोमध, चालवणाऱ्याच्या आसनाजवळ जितकं सामान येईल तितकं चांगलं. मागच्या एक्सलच्या मागे ठेवलेलं वजन पुढचं चाक उचलायला बघतं. दोन चाकांमधलं अंतर १४० सेंटिमीटर असेल आणि १० किलोचा बॉक्स मागच्या एक्सलपासून ३० सेंटिमीटर मागे असेल, तर पुढच्या चाकावरून साधारण २ किलो कमी होतात आणि मागच्यावर १२ पडतात. आकडा लहान वाटेल. पण तो बॉक्स उंचही असतो, वारा अंगावर घेतो, आणि गाडी जराशी डुलली की ते डोलणं वाढवतो. तीच १० किलोंची हत्यारं साइड बॅगेच्या तळाशी, पुढच्या कोपऱ्यात ठेवली तर जाणवतसुद्धा नाहीत.

म्हणून साइड बॅगांच्या तळाशी हत्यारं, सुटे भाग, पाणी, स्टोव्ह. त्यावर कपडे. मागच्या सीटवर आडव्या ठेवायच्या गोल बॅगेत झोपायची पिशवी, तंबू, जॅकेटचा थर, म्हणजे मोठं पण हलकं सामान. टॉप बॉक्स असेल तर त्यात सगळ्यात हलकं.

डाव्या-उजव्या बॅगा बांधण्याआधी ताणकाट्यावर तोला. एखाद्या किलोचा फरक चालतो, चार-पाच किलोंचा चालत नाही. सायलेन्सर असलेल्या बाजूची बॅग काही गाड्यांवर जास्त बाहेर येते, त्यामुळे तेवढंच वजन त्या बाजूला जास्त ओढतं. तिथे किंचित हलकं भरा.

पेट्रोलच्या टाकीवर बसवायच्या टँक बॅगेत दिवसभर लागणारं ठेवा: चष्मा, हेल्मेटची काच पुसायचं फडकं, सुका खाऊ, पातळ हातमोजे. ती बसवल्यावर हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून बघा. हॉर्न किंवा इंजिन बंद करायचं बटण बॅगेने दाबलं जाता कामा नये. लोहचुंबकाच्या टँक बॅगेजवळ चुंबकीय पट्टीची कार्डं ठेवू नका.

पावसाचे कपडे सगळ्यात शेवटी, सगळ्यात वर. पाऊस आला की दोन मिनिटांत अंगावर चढले पाहिजेत. ते बॅगेच्या तळाशी असतील तर काढेपर्यंत तुम्हीही भिजता आणि उघडी बॅगही.

बॅगेवर घालायच्या रेनकव्हरवर भिस्त ठेवू नका. वेगात ते फडफडतं, उडतं आणि खालून चाकाचं पाणी आत घेतं. आतच जलरोधक पिशवी वापरा. हवा दाबून काढा, तोंड किमान तीनदा घट्ट गुंडाळा आणि मगच बकल लावा.

पाचवी पायरी: बांधणं

हुक असलेले इलास्टिकचे दोर सर्रास वापरले जातात. मी ते मुख्य बांधणीला वापरू नका असंच सांगेन. ते ताणले जातात, म्हणून खड्ड्यात सामान उसळतं आणि सरकतं. आणि ताणलेला हुक सुटून डोळ्यावर आला तर इजा गंभीर होते. बकलने घट्ट होणारे, न ताणणारे सपाट पट्टे घ्या. असा इलास्टिकचा दोर (बंजी) हवाच असेल तर वर अडकवलेल्या ओल्या टॉवेलपुरता.

पट्टा फ्रेमला, ग्रॅब रेलला किंवा कॅरिअरला बांधा. इंडिकेटर, मडगार्ड, नंबर प्लेट किंवा प्लॅस्टिकचा कुठलाही भाग चालणार नाही. ओढ दोन दिशांनी हवी, खाली आणि पुढे. नुसती खाली ओढलेली बॅग जोरात गाडी पळवली की मागे घसरते. उरलेली टोकं गुंडाळून आत खोचा किंवा टेपने चिकटवा. लोंबणारा पट्टा चेनमध्ये किंवा मागच्या चाकात गेला तर चाक जागच्या जागी अडकू शकतं, इतका तो धोका मोठा आहे.

आता बॅग दोन्ही हातांनी धरून हलवा. बॅगेसोबत अख्खी गाडी हलली तर बांधणी नीट झाली. बॅग एकटी हलत असेल तर सोडा आणि पुन्हा बांधा. मागून बघा: टेललाइट, इंडिकेटर, नंबर प्लेट झाकले गेलेत का. मग कुणाला तरी बसवून मागचा भाग दाबा आणि बॅग टायरला किंवा सायलेन्सरला टेकते का ते पाहा.

शेवटची पायरी: गाडी सामानाप्रमाणे जुळवून घ्या

भरलेल्या गाडीला एकट्या स्वाराची हवा पुरत नाही. चेनगार्डवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर पूर्ण वजनासाठी मागच्या टायरचा आकडा असतो. तेवढी हवा टायर थंड असताना भरा. मागच्या शॉकअपचं प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा दाब, वाढवा. मागचा भाग बसला की हेडलाइट वर जातो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, म्हणून प्रकाशाची उंचीही खाली घ्या. बहुतेक गाड्यांची चेन वजनाने थोडी ताणली जाते. ती मॅन्युअलमधल्या मापापेक्षा घट्ट ठेवली तर बेअरिंगवर ताण येतो.

निघायच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी पूर्ण सामान बांधून तास-दोन तास चालवून या. मोकळ्या जागेत हळू वेगात यू-टर्न घ्या, दोन-तीनदा जोरात ब्रेक मारा आणि थांबायला किती जास्त अंतर लागतं ते अंगवळणी पाडा. वेगात हँडल थरथरू लागलं तर दांड्या करकचून पकडू नका आणि जोरात ब्रेकही मारू नका. पकड सैल ठेवून थ्रॉटल हळूहळू सोडा. नंतर टायरची हवा बघा आणि मागचं वजन पुढे, खाली हलवा. सामानाच्या पेट्यांसाठी वेगमर्यादा दिलेली असेल तर ती पाळा.

प्रवासाच्या पहिल्या दिवशी वीस-तीस किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे पुन्हा ओढा, कारण सामान आत दबतं आणि बांधणी सैल होते. त्यानंतर प्रत्येक पेट्रोल भरायच्या थांब्यावर एकेका पट्ट्यावरून हात फिरवा. वस्तू रोज त्याच जागी परत गेली पाहिजे, म्हणजे अंधारातही हात बरोबर टॉर्चवर पडतो. आणि टँक बॅगेत तळहाताएवढा चपटा पत्रा किंवा प्लॅस्टिकचा जाड तुकडा असू द्या. मऊ मातीवर भरलेली गाडी उभी करताना तो साइड स्टँडखाली सरकवला नाही, तर स्टँड रुततो आणि गाडी हळूहळू आडवी होते.